दहा लाख तीन

“फुटतोय का बगू.” कुठलाही आकडा दिसला की काटेमामा हे म्हणत आणि खिशातलं पेन काढत. आमच्या सहकारी साखर कारखान्यात ते वजनकाट्यावर कारकून होते, मी शेजारच्या ऊसनोंदणीच्या खिडकीत. आकडा फुटणं म्हणजे त्याला दुसऱ्या एखाद्या आकड्याने पूर्ण भाग जाणं. अशी खोड लागलेला माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल.

एकदा स्टोअरकीपरने नवी मोटारसायकल आणली. मामांनी पेढा तोंडात टाकला, नंबर पाहिला आणि तेरानं जातो म्हणून जाहीर केलं. तो बिचारा तेराच्या धास्तीने आठवडाभर गाडी ढकलत असल्यासारखा सावकाश चालवत होता. मामांना मात्र आपण कौतुकच केलं असं वाटत होतं.

मग एका वर्षी पाऊस पडलाच नाही. ऊस जनावरांच्या चाऱ्याला निघाला आणि गाळप महिनाभरातच आटोपलं. काट्यावर शेवटची बैलगाडी युसूफ वडगाव या गावची आली. कारखाना सुरू झाल्यापासून पावत्यांचे नंबर सलग होते. तिचा निघाला दहा लाख तीन. मामा महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांनी रद्दी पावत्या उलट्या केल्या आणि भागाकार मांडले. हजाराच्या आतले न फुटणारे आकडे एकशे अडुसष्ट. त्यांतल्या एकानेही भाग गेला नाही, तर हा कशानेच फुटत नाही.

“मामा, कशाला हा उद्योग?”

“ताई, पाऊस कदी येईल, कारखाना कदी चालू हुईल, कुनालाच सांगता येत न्हाई. ह्याचं तरी नक्की सांगता येतंय. तेवढं सांगून जातो.”

एका सकाळी त्यांनी एकोणतीसने फुटला म्हणून सगळ्यांना कँटीनमध्ये चहा पाजला. मी कागद तपासला, तर बाकी पंचवीस उरत होती. सांगताना माझ्याच जिवावर आलं. मामा भर उन्हात निघाले आणि चहा प्यायलेल्या प्रत्येकाला, अगदी गेटवरच्या वॉचमनलाही, आपलं चुकल्याचं सांगून आले. बहुतेकांना चहा कशाचा होता हेच आठवत नव्हतं.

आपल्या हाताचा भरवसा राहिला नाही म्हणून त्यांनी पुन्हा दोनापासून सुरुवात केली. हातात अकरा दिवस होते. अर्धे आकडे मी करते म्हटलं, तर मला फक्त तपासायला दिले.

शेवटच्या दिवशी पाच वाजता वॉचमन किल्ली न्यायला आला, तेव्हा एकच आकडा उरला होता, नऊशे सत्त्याण्णव. मामांनी सावकाश भागाकार मांडला आणि कागद माझ्याकडे सरकवला. बाकी बारा. मी दोनदा तपासलं.

“न्हाई फुटला,” ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. मला इतका आनंद स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

दोन वर्षांनी पाऊस झाला, कारखाना सुरू झाला. मामा त्याआधीच्या उन्हाळ्यात गेले. पहिली गाडी काट्यावर चढली, नव्या कारकुनाने पावती फाडून माझ्या खिडकीत दिली. दहा लाख चार. दोनने सरळ जाणारा.

“फुटला की ओ मामा,” माझ्या तोंडून निघालं.

“काय फुटलं, मॅडम?” नव्या कारकुनाने विचारलं.

मी त्याला पुढची गाडी घ्यायला सांगितलं आणि पदराने चष्मा पुसला.