कॅज्युअल म्हणजे रजाच की!

मंडळी, आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

आमच्या लातूरच्या ऑफिसात पुण्याहून आलेल्या नव्या साहेबांनी काल ग्रुपवर टाकलं, "उद्या सगळ्यांना कॅज्युअल." मी नवी जीन्स घालून गेले. आमचे क्लार्क गायकवाडकाका मात्र आलेच नाहीत. साहेब चिडले, म्हणून मीच फोन लावला.

"ताई, कॅज्युअल म्हणजे रजाच की! आठ दिसांनी टँकर आलाय, लाइनीत हाय मी."

घागरी तिथंच सोडून काका धावत आले, अंगावरच्या बनियन-पायजम्यात. साहेब हसले, "हा खरा कॅज्युअल लुक!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

काका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, टँकर गेला असंल का ओ?"

फोन मी केला होता. सांगा, काय उत्तर देऊ?