मॅच न पाहता दिलेलं मत

मंडळी, आमच्या क्रीडा संपादकांनी आत्ताच सांगितलं: कॉलेज बास्केटबॉलमधली वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू निवडायला पेपर मतं देतात, त्यात आमच्या पेपरचं मत पलीकडच्या कॉलेजच्या बास्केटजवळ सेंटरला खेळणाऱ्या उंच मुलीला जाणार.

"सगळ्यात जास्त पॉइंट्स तिचेच आहेत," ते म्हणाले.

मी म्हटलं, "पण आपल्या इथल्या कॉलेजच्या डेनिसच्या पासशिवाय टीम हलत नाही. पाहिलंय तिला खेळताना?"

"मुलींची मॅच मुलांच्या आधी असते. तेव्हा आपण पार्किंग शोधत असतो!" सगळे हसले.

मी नाही हसले. "न पाहता मत देणार असाल, तर मी लिहीन त्या मताच्या बातमीवर माझं नाव छापू नका."

त्यांनी विचारलं, "किती वाजता असते ही मॅच?"

आज पाचला आहे. ते माझ्या शेजारी बसणार आहेत, आणि मत त्यानंतरच जाईल. तुम्ही कुणाला दिलं असतं?