नागिणीचं माप

मास्तरांनी जन्मभर लोकांची पोटं मोजली, पण कुणाला "सुटलंय" म्हणून हिणवलं नाही. गिऱ्हाइकानं श्वास ओढून धरला, की हे गुपचूप दोन बोटं जास्त धरायचे. असा सज्जन शिंपी एका सकाळी कंबर नुसती आग आग होतेय म्हणून सदरा वर करतो, तर उजव्या बाजूला फोडांची रांग!

"नागीण," शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला. आगीत तेल ओतण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. "कमरेला वेढा घालते. तोंड नि शेपूट जुळलं, की खेळ खलास."

मास्तरांच्या पायाखालची जमीनच सरकली. गळ्यातली टेप काढून त्यांनी तोंडापासून शेपटीपर्यंत मोजलं. बायकोनंही मोजलं, आणि शिंप्याच्या बायकोलाच सुचावं असं काहीतरी बोलली.

"अहो, पुरली तर जुळेल ना? आपण कंबरच वाढवू."

मास्तरांना पटलं. पोट सुटलं की बटण काजापर्यंत पोचत नाही, ही तर त्यांच्या दुकानातली रोजची रड.

मग बायको वाढायची आणि हे गिळायचे. नागीण बोटभर सरकली की ताटात चार घास जास्त. मरणाच्या भीतीनं घशाखाली काही उतरत नसताना जेवणं ही काय शिक्षा असते, ते मास्तरांनाच ठाऊक. पँटची शिवण सोडता सोडता आतलं कापड संपलं, आणि एकदा खाली बसताना ती टर्रकन फाटली. आता वाढायला जागाच उरली नाही, म्हणून दोघं दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी पोट बघितलं, टेप बघितली आणि हसू दाबलं.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? तोच विषाणू. इतकी वर्षं अंगात झोपला होता, आता उठलाय. ही एकाच बाजूला राहते हो, जुळतेय कसली! गोळ्या देते." मग त्या बायकोकडे वळल्या. "तुमच्या ओठावर उठलेला हा फोड, ज्याला 'जर' म्हणतात, तोही त्याच घराण्यातला. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत, बहुतेकांच्या अंगात या घराण्यातलं कुणी ना कुणी बिऱ्हाड करून असतं. माणूस काळजीनं खंगला, की डोकं वर काढतं."

खंगला? मास्तरांनी बायकोकडे नीट पाहिलं. त्यांनीच अंगाबरोबर शिवलेला ब्लाउज तिच्या खांद्यावरून ओघळत होता. इतके दिवस टेप आपल्याच पोटाभोवती फिरवली, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

घरी येताच त्यांनी सुई-दोरा काढला. "आण तो ब्लाउज. आत घेतो."

"काही नको," ती म्हणाली. "आज मी जेवणार आहे."