रेल्वेत बसवलेले मावळे

नगरला चष्म्याच्या कामाला गेलो होतो, तेव्हा जुन्या सामानाच्या दुकानात ही गाडी दिसली. एक इंजिन, हात-हातभर लांबीचे तीन डबे आणि पोत्यात भरलेले रूळ. दुकानदार म्हणाला, "चालू कंडिशन आहे, काका." सगळे असंच म्हणतात. पण घरी आणून पुढच्या खोलीत रूळ जोडले, बटण दाबलं, तर खरोखरच चालली की! डब्यांत अंधार, आत चिटपाखरू नाही, आणि आपली फिरतेय गोल गोल. बघता बघता मला इतकं भकास वाटलं की उठून बटण बंद केलं. म्हटलं, हे घर रिकामं आहे तेवढं पुरे नाही का?

बायको जाऊन दुसरं वर्ष सरत आलंय. मुलगी ऑस्ट्रेलियात असते. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. गोळ्या घेतल्या का, बीपी किती, स्वयंपाकाच्या मावशी येतात का. झालं, संपलं. आईचा विषय ती काढत नाही आणि मी काढला की म्हणते, "बाबा, आवाज तुटतोय." बरा तेवढ्यालाच तुटतो! तिच्यावर राग नाही माझा. म्हणजे आहे, थोडा आहे. इथं देवळाली प्रवरेत बायकोबद्दल बोलायचं तरी कुणाशी? "सवाष्ण गेल्या, भाग्यवान होत्या," म्हणून शेजारी मोकळे होतात. मला लेकीच्या तोंडून आईची एखादी आठवण ऐकायची होती, बास. म्हणून ठरवलं, गाडीत दिवे लावायचे, माणसं बसवायची, खिडकीत बायकोला बसवायचं आणि लेकीला दाखवायचं. बघू मग आवाज कसा तुटतो ते.

दिव्यांचं काम अवघड नव्हतं. जन्म साखर कारखान्यात वायरमनकी करण्यात गेलाय. डब्यांची छपरं काढली, आतून एलईडीची पट्टी चिकटवली, चाकांना तांब्याची पत्ती टेकवून रुळांतलाच करंट वर घेतला. पट्टी मुद्दाम पिवळी घेतली. पांढऱ्या उजेडात डबा दवाखान्यासारखा दिसतो आणि तो उजेड मी पुरेसा पाहिलाय.

घोडं अडलं माणसांपाशी. मोबाईलवर शोधलं तर सगळी गोरी, हॅट घातलेली. ती आमच्या गाडीत बसून काय करणार? तेवढ्यात दिवाळी आली. बाजारात किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं मांडलेली. मी मावळे निवडायला लागलो तशी विकणारी बाई म्हणाली, "नातवानं किल्ला केलाय व्हय, बाबा?"

"नाही, रेल्वेत बसवायचेत."

"मावळे? रेल्वेत?" ती हसत सुटली. "तिकिटं काढली का त्यांची?"

किती दिवसांनी कुणीतरी माझी अशी चेष्टा केली! त्या भरात टोपलीभर मावळे घेतले. डोक्यावर घागर घेतलेली एक बाईही घेतली.

मग काय, तलवारी कानशीनं घासून काढल्या. ढालींच्या पिशव्या केल्या. मिशा मात्र राहिल्या, त्यामुळे सगळी गाडी भांडायला निघाल्यासारखी दिसत होती. उभी चित्रं बाकावर बसेनात म्हणून एकेकाला गुडघ्यात कापलं. घागरवालीची घागर काढली, साडी बायकोच्या आवडत्या वांगी रंगानं रंगवली आणि पायाशी करवत नेली, पण हात चालेना. मातीची बाहुली ती, कळत होतं मला. शेवटी तिच्याखालचं बाकच कापलं आणि तिला खिडकीशी उभी केली. शेजारी एक मावळा धोतर-टोपीतला, म्हणजे मी.

रविवारी सकाळी गाडी माणसांनी गच्च भरली आणि बटण दाबलं. दिवे लागले. इंजिन नुसतं घुरघुरलं, जागचं हलेना. अरे देवा! माती ती माती, वजन होणारच, पण सगळी हयात कारखान्यात काढलेल्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नाही. कॉलची वेळ जवळ येत होती. एकेक माणूस उतरवत गेलो. शेवटी दोघंच उरलो, तरी वळणावर गाडी अडायची. मग मी मलाच उतरवलं आणि गाडी सुरेख चालली.

पण तिच्या शेजारची ती मोकळी जागा बघवेना. एसटीत आम्ही खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो. सोनईला तिच्या माहेरी जाताना राहुरीच्या स्टँडवर ही तोबा गर्दी, पण माझा नेम कधी चुकला नाही. म्हणून जुन्या रुमालाचा बोटभर तुकडा कापून त्या बाकावर टाकला.

कॉल आला. बीपी सांगून झालं आणि फोन गाडीपाशी नेला. लेक म्हणाली, "अय्या, दिवे किती गोड!" मग फोन जवळ न्यायला लावला.

"आईये ना ती? वांगी साडीतली?"

"हो."

"आणि शेजारी ते काय?"

"रुमाल. मी जागा धरलीय."

आता आवाज तुटणार, म्हणून मी वाट बघत राहिलो. ती डोळे पुसत होती, आणि एकदम हसली.

"काहीही काय, बाबा! तुम्ही कधी धरली जागा? तुम्ही आपले बॅगा घेऊन मागून यायचात. रुमाल आई टाकायची. पदर खोचून सगळ्यांच्या आधी चढायची आणि खिडकीतून ओरडायची, 'अहो, सावकाश या, जागा धरलीय!'"

अगदी तिच्याच सुरात म्हणाली. खरंच की, तीच चढायची आधी. गाडी फिरत होती.

"ऐकलंत ना बाबा?" लेक म्हणाली. "सावकाश म्हणालीये ती."