शकुंतलाबाईंनी उघडलेलं खोकं

प्रार्थना संपून मुलं वर्गात बसत होती, तेवढ्यात बिलोलीहून फोन आला. शकुंतलाबाई गेल्या. झोपेतच. शेजारणीनं सकाळी दार वाजवलं, तेव्हा कळलं... बाई एकट्याच राहायच्या. आमच्या शाळेत शिक्षिका दोघीच, त्या आणि मी. त्यांची जागा अजून भरलेली नाही.

मी रुजू झाले तेव्हा शाळेला मिळालेला संगणक खोक्यातच होता. बिघडला तर जबाबदारी कुणाची, म्हणून आधीच्या गुरुजींनी तो कपाटावर चढवून ठेवलेला. बाईंनी एका दुपारी खोकं खाली उतरवलं. मी घाबरले. "बाई, मोडलं तर?"

"मोडू द्या की. लेकरांच्या हातानं मोडलं तर कामाला तरी आलं म्हणायचं."

आमचं गाव तेलंगणाच्या हद्दीला, बऱ्याच घरांत तेलुगूच बोलतात. राजमणी नावाची पोरगी दुसरीत गेली तरी वर्गात तोंड उघडत नव्हती. "मुकी हाय ती," पोरं म्हणायची. बाईंनी तिला संगणकापुढं बसवलं, हातात माईक दिला आणि बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. मी खिडकीतून बघत होते. बाईंनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग तेलुगूत तिचं विचारलं. बराच वेळ काहीच नाही... मग अगदी बारीक आवाजात, "राजमणी." बाईंनी तो आवाज तिला परत ऐकवला. पोरगी दचकली, मग हसली. "मळ्ळी!" म्हणाली. पुन्हा! ती दुपारभर स्वतःचं नाव ऐकत राहिली. मराठीही ती त्याच माईकपुढं बोलायला शिकली. आता बिलोलीच्या हायस्कुलात आहे. बाईंना नेलं तेव्हा आली होती, माझा हात धरून उभी होती.

शाळा सुटली तरी बाई मुलांच्या आवाजातल्या गोष्टी संगणकात भरत बसायच्या. "घरी जा की आता," म्हटलं तर म्हणायच्या, "जाऊन कुणाशी बोलू? हितं लेकरांचे आवाज तरी हायत." मी हसून निघून यायची... आता शाळा सुटल्यावर मलाही घाई नसते.

परवा संगणकाची खोली बाई गेल्यापासून पहिल्यांदा उघडली. मी काही सांगायच्या आत मुलं हौदावर जाऊन हात धुऊन आली आणि ओले पंजे पुढं करून दारात उभी राहिली. बाई नखं बघूनच आत सोडायच्या. मी एकेकाचे हात बघितले. पहिलीतली एक चिमुरडी मात्र आत जाईना.

"तुमचे दाखवा," ती म्हणाली. "बाईबी दाखवायच्या."

मी हात पुढं केले. खडूनं भरले होते. तिनं मान हलवली, आणि मी हौदाकडं गेले.