समुद्रापुढची बाई

नुकत्याच छापलेल्या फोटोंचा उग्र वास आला, की मला आमच्या हिंदी मुलखातल्या शहराच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या फोटोग्राफी क्लबची ती खोली आठवते. कॅमेरा घेऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. आईला मी पुरीला नेलं होतं, तिनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला होता, आणि तिथले फोटो मी मोठ्या हौसेनं क्लबच्या भिंतीवर लावले होते. ते बघायला आईही ठेवणीतली साडी नेसून मागच्या खुर्चीवर येऊन बसली होती. क्लबचे जुने परीक्षक पहिल्याच फोटोपाशी थांबले आणि म्हणाले, "समंदर टेढ़ा है, भैया. सारा पानी बह जाएगा." सगळे हसले. पुढच्या फोटोंना ते सरळ कचरा म्हणाले, आणि कूलरच्या घरघरीतही मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. शेवटच्या फोटोत आई घोट्याएवढ्या पाण्यात साडी वर धरून, लाटेला भीत भीत हसत होती. त्यांनी तिच्या चेहऱ्यावर अंगठा दाबला. "ये बुढ़िया बीच में क्यों खड़ी है? कौन है ये?" माझे कान तापले होते. मी म्हणालो, "पता नहीं सर, कोई औरत सामने आ गई थी." घरी येताना स्कूटरवर आई एवढंच म्हणाली, "भूक लागली असंल तुले." त्या माणसाचा राग मी कितीतरी दिवस धुमसत ठेवला, पण माझ्या त्या वाक्याबद्दल आईशी कधीच बोललो नाही. आता मी कॅमेरा उचलला, की ती आपणहून बाजूला सरकते.