कार्व्हरच्या दारची रिंग

माझा नवरा वेन्डेल स्ट्राउड शाळेची बस चालवतो, आणि बस चालवत नसतो तेव्हा बास्केटबॉल बघतो. तिसरं काही त्याला येत नाही असं मी म्हटलं की तो म्हणतो, "येतं की. तुझं ऐकून घेता येतं." मी मूळची केंटकीची, म्हणजे नदीपलीकडची. इंडियानातल्या माणसांना केंटकीची बायको चालते, पण तिचं बास्केटबॉलबद्दलचं मत चालत नाही. सामना सुरू असताना मी तोंड उघडलं रे उघडलं की वेन्डेल हात वर करतो. बसमधल्या पोरांना गप्प करताना करतो, अगदी तसाच.

आमच्या कोकोमोत ज्याच्या गॅरेजवर रिंग नाही त्याच्याकडे लोक जरा संशयानेच बघतात. वेन्डेल शेतावर वाढला. तिथे रिंग धान्याच्या कोठारावर ठोकलेली होती, आणि गाईंचं दूध काढून झालं की पोरं अंधार पडेपर्यंत तिच्याखाली. शाळेच्या संघात असताना ऐन मोक्याच्या सामन्यात, अगदी शेवटच्या क्षणी, त्याचा फ्री थ्रो हुकला. त्याला पन्नास वर्षं होत आली. अजूनही हार्डवेअरच्या दुकानातला म्हातारा बल्ब हातात देताना म्हणतो, "दोन्ही हातांनी धर रे, वेन्डेल. तुझा काही भरवसा नाही." आणि वेन्डेल हसतो. मी असते तर तोच बल्ब त्याच्या टाळक्यात घातला असता.

सामना बघायची त्याची एक तऱ्हा आहे. टीव्हीचा आवाज बंद आणि शेजारी रेडिओ मोठ्याने. टीव्हीवरच्या लोकांना खेळातलं काही कळत नाही, रेडिओवाला आपला माणूस आहे, असं त्याचं म्हणणं. आता रेडिओ पुढे आणि टीव्ही मागे. चेंडू जाळीत पडल्याचं आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. मला याने वेड लागायची पाळी येते.

मध्यंतर झालं की स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन वाजतो. ती रोंडा. वेन्डेलची मुलगी, पहिल्या बायकोपासूनची. ओरेगनला असते, दवाखान्यात एक्स-रे काढते. मी उचलला तर म्हणते, "हॅलो, बाबांना द्या." एवढंच. लग्न झाल्यापासून तिचं माझं याहून जास्त बोलणं झालेलं नाही. वेन्डेलला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा आवाज असा वाढवलेला असतो की ओट्यापाशी उभी राहून मला सगळं ऐकू येतं. आणि सगळं म्हणजे काय, तर कोण कुणाला अडवत नाहीये आणि प्रशिक्षकाला काढून का टाकत नाहीत. 'तब्येत कशी आहे' नाही, 'घरी कधी येणार' नाही. शिट्टी वाजली की फोन बंद.

याचं कारण मला ठाऊक आहे, कारण ते कारण मी आहे. अर्लीन, त्याची पहिली बायको, वारली आणि वर्ष व्हायच्या आत वेन्डेलने माझ्याशी लग्न केलं. जुनं घर विकून तो माझ्याकडे राहायला आला. आमच्याकडे घर सोडताना सगळं सामान गाडीत गेल्यावर अगदी शेवटी गॅरेजवरची रिंग उतरवतात. ती काही कुणी मागे ठेवत नाही. वेन्डेलने ठेवली. का, ते त्याला आजही सांगता येत नाही. रोंडा आणि तिची आई रोज संध्याकाळी त्या रिंगखाली खेळायच्या. "माणूस गेलं, घर गेलं, ठीक आहे," रोंडा तेव्हा म्हणाली, "पण रिंग तरी काढून आणायची होती, बाबा." त्यानंतर बापलेकीत फक्त सामना उरला. सामने संपले की एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत फोन मुका.

म्हणून त्या जूनमध्ये फोन वाजला तेव्हा मी दचकलेच. ना सामना, ना मध्यंतर. "हॅलो, बाबांना द्या." मला वाटलं, कुणीतरी गेलं.

तसं म्हटलं तर जाणारच होतं. आमच्या राज्याच्या संघाचा हुकमी खेळाडू डेमॉन्ट कार्व्हर, त्याचा करार संपला होता. मिसरूड फुटायच्या वयात तो आमच्या संघात आला, इथेच मोठा झाला, आणि आता तो कुठल्याही संघाकडे जायला मोकळा होता. कॅलिफोर्नियावाले त्याच्यासाठी गालिचे अंथरून बसले होते. अख्ख्या राज्याचा जीव टांगणीला लागला होता. प्रार्थना संपवताना पाद्रीबाबांनी त्याचं नाव घेतलं आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"तुम्हाला काय वाटतं?" रोंडा विचारत होती.

"राहील गं. पोरगा इथला आहे आता."

"गेला ना बाबा, तर माझं संपलं. मी हा संघ पुन्हा बघणार नाही. आताच सांगून ठेवते."

वेन्डेलने फोन ठेवला आणि तो उगाचच अंगणात जाऊन आला. मग पुन्हा गेला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा मी विचारलं, "काय शोधतोयस?"

"ती बघणार नाही म्हणते."

"नाही बघितलं तर नाही बघितलं. तिच्या डोळ्यांना आराम."

"मग ती फोन कशाला करेल, लोरेन?"

मी शेंगा सोलत बसले.

त्या दिवसापासून घरात शांतता म्हणून राहिली नाही. उन्हाळ्याची सुट्टी, बस आगारात, माणूस रिकामा. आणि सगळा गाव चिन्हं वाचण्यात गुंतलेला. कार्व्हरने म्हणे केस कापले, म्हणजे जाणार. कार्व्हरच्या कुत्र्याला इथल्याच डॉक्टरकडे सुया टोचल्या, म्हणजे राहणार. आमचा शेजारी डेल हॉब्ज रोज कुंपणावरून नवी बातमी फेकायचा आणि वेन्डेल ती झेलायचा. झेललेली एकही रोंडाकडे पोचवायची राहिली नाही, कारण रोंडाचा फोन आता रोज येत होता.

एका सकाळी तो म्हणाला, "पक्ष्यांचे दाणे आणायला जातोय," आणि आला तो दुपारी, दाण्यांशिवाय. राजधानीच्या शहराच्या उत्तरेला कार्व्हरचं घर आहे, तिथवर जाऊन आला होता. एक तास जायला, एक तास यायला.

"कशाला?"

"रिंग बघायला. गॅरेजसमोर आहे त्याची, रस्त्यावरून दिसते. लोक कुत्र्यांवर जातात, केसांवर जातात. मूर्ख आहेत. माणूस जाणार असला की रिंग उतरवतो. रिंग आहे तोवर माणूस आहे."

"तू तर ठेवून आलास तुझी," मी बोलून गेले. असं तोंडातून निघून जातं माझ्या. तो टोपी खुंटीला अडकवून आत गेला, आणि माझ्याच मनाला लागून राहिलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मीही त्याच्याबरोबर गेले.

रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग. एक बाई फाटकापाशी साखर-सायीचा 'पाय', आमच्याकडचा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, ठेवून गेली होती, अख्खा, फडक्याखाली झाकून. एकाने चादरीवर 'राहा ना रे' असं रंगवून आणलं होतं. फाटकावरचा पहारेकरी सगळ्यांना कंटाळून खुर्चीत बसला होता. वेन्डेलला बघून म्हणाला, "आहे, काका. कालच्याच जागेवर आहे."

"जाळी एका बाजूला सुटलीय," वेन्डेल म्हणाला.

"साहेबांना सांगतो," पहारेकरी म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले.

आता रोंडाचा फोन वेन्डेल परतायच्या वेळेलाच येऊ लागला. "आहे का?" ती विचारायची. "आहे," हा सांगायचा. मग त्यात तिखटमीठ येऊ लागलं. आज चेंडू अंगणात पडलेला होता. आज रिंगखालची जागा झाडलेली होती. रोंडा हसायची. मी तिला कधी हसताना ऐकलं नव्हतं. वेन्डेल फोन ठेवायचा आणि उभ्या उभ्या टेबलावर बोटं वाजवत राहायचा. रात्री कुशीवर कुशी बदलायचा, मला म्हणायचा, "उद्या लवकर निघतो." मी म्हणायचे, "तिथेच खाट टाक."

आणि मग एका सकाळी तो गेल्या पावली परत आल्यासारखा लवकर आला. गाडीतून उतरेना. मी बाहेर गेले तर हात स्टिअरिंगवरच.

"उतरवली," तो म्हणाला. "माझ्यासमोर. दोन माणसं शिडी घेऊन आली, पाना लावून सोडवली, ट्रकमध्ये घातली. मी बघत होतो."

"रंग द्यायला नेली असेल," मी म्हटलं. मलाही ते खरं वाटलं नाही.

तेवढ्यात घरात फोन वाजला. तो ज्या घाईने आत गेला, तशी घाई मी त्याची बसच्या वेळेलाही बघितलेली नाही.

"आहे का?"

वेन्डेलने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं. "आहे," तो म्हणाला. "जाळीसुद्धा नवी लावलीय."

फोन ठेवल्यावर मी त्याला धारेवर धरलं. "लाज नाही वाटत? पोरीशी खोटं बोलतोस?"

"निर्णय जाहीर होईपर्यंत तरी बोलेल ना."

"आणि तिला दुसरीकडून कळलं म्हणजे?"

"ओरेगनला कोण सांगतंय? त्यांचा संघ वेगळा."

वेन्डेलकडे साधा बटणांचा मोबाईल आहे आणि त्याचाही त्याला राग येतो. जगातली बातमी डेलच्या कुंपणावरूनच येते असा त्याचा समज. डेलला तर संध्याकाळपर्यंत कळलं होतं, तोही म्हणत होता की रिंग गंजली असेल. वेन्डेल त्याच्या वाऱ्याला उभा राहीना. नाश्त्याला नेहमीच्या ठिकाणी जाईना. रोज सकाळी मात्र गाडी काढायचा, कुठेतरी फिरून यायचा आणि फोनपाशी उभा राहायचा. "आहे का?" "आहे." त्याच्या कपाळावर घाम यायचा. मला वाटायचं, आपणच फोन ओढून घ्यावा आणि सांगून टाकावं. पण रोज ती विचारायची आणि रोज मी गप्प बसायचे. तिला खरंच कळलेलं नाही असं मलाही वाटू लागलं. कळलं असतं तर विचारलं कशाला असतं?

जुलैतल्या एका दुपारी रेडिओने सांगितलं. कार्व्हर कॅलिफोर्नियाला चालला. आपला माणूस असलेल्या रेडिओवाल्याचाही आवाज बसला होता. पाचेक मिनिटांत डेलच्या अंगणात पत्र्याचं पिंप पेटलं आणि आळीतली माणसं कार्व्हरच्या जर्स्या जाळायला घेऊन जमली. ही आमच्याकडची रीत. वेन्डेलची जर्सी रोंडाने एका नाताळला पोस्टाने पाठवलेली होती. ती हातात घेऊन तो तिथे गेला. मी खिडकीतून बघत होते. त्याने ती जाळली नाही, तो नुसता उभा राहिला. डेल काहीतरी बोलत होता, हा मान हलवत होता, आणि दर थोड्या वेळाने आमच्या घराकडे बघत होता.

फोन वाजला. मी उचलला आणि "थांब, बोलावते" म्हणायला तोंड उघडलं.

"बाबा कसे आहेत?" रोंडाने विचारलं.

मला. इतक्या वर्षांत तिने मला विचारलेला पहिला प्रश्न. माझी खुर्ची कुठे आहे तेही मला आठवेना.

"बाहेर आहे," मी म्हटलं. "बरा नाही. रोंडा, ऐक, तो तुझ्याशी खोटं बोलला. रिंग केव्हाच उतरवली. त्याने डोळ्यांनी बघितलं. तू फोन बंद करशील म्हणून सांगितलं नाही. त्याच्यावर चिडू नकोस. चिडायचंच असेल तर माझ्यावर चीड, तुला सवय आहे."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "इंटरनेटवर फोटो आला होता त्याच दिवशी. ट्रकमागे बाबांची गाडी दिसतेय त्यात."

"अगं, मग रोज विचारत काय होतीस?"

"दुसरं काय विचारू?" रोंडा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "आम्हाला दुसरं काही बोलताच येत नाही."

मी खिडकी उघडून अशी हाक मारली की पिंपाभोवतीची सगळी माणसं वळली. वेन्डेल धावत आला, त्या वयाला धावतात तितकं. जर्सी काखेत. मी फोन त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "तिला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. आता खेळाचं बोललास तर बघ."

त्याने फोन कानाला लावला. तिकडे ती गप्प, इकडे हा गप्प. दोघांचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता हा कार्व्हरचंच काढणार, याला दुसरं येतंय काय. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.